आमिश वस्तीत भूत सोडण्याआधी

मराठीत भयकथा लिहिणाऱ्या, छापणाऱ्या आणि आवाज देऊन ऐकवणाऱ्या सर्व मंडळींना,

सप्रेम नमस्कार.

तुमची भुतं अलीकडे परदेशवाऱ्या करू लागली आहेत, त्याचं मनापासून स्वागत. वाडा, आड, पिंपळ आणि अमावास्या यांना तुम्ही पुष्कळ वर्षं राबवून घेतलंत, त्यांना रजा मिळायलाच हवी होती. पण यातली काही भुतं विमानातून उतरतात ती थेट आमच्या शेजारी, अमेरिकेतल्या पेन्सिल्वेनिया राज्यात, आमिश लोकांच्या वस्तीत: स्वतःची मोटार न ठेवणारा, घोडागाडीने फिरणारा, साधेपणाने राहणारा हा ख्रिस्ती पंथ. कथा साधारण ठरलेली. पुण्याचं तरुण जोडपं, भाड्याची गाडी, आडरस्ता, मोबाइलला रेंज नाही, पेट्रोल संपतं. लांबवर कंदील हलतो. लांब दाढी, पण मिशी नाही असा एक म्हातारा काही न बोलता दार उघडतो. पांढऱ्या टोपीतली मुलगी एकटक बघत असते आणि तिच्या हातातल्या बाहुलीला चेहरा नसतो. कोठाराच्या भिंतीवर एक रंगवलेलं चक्र. मध्यरात्री चर्चची घंटा वाजते आणि सकाळी बायको जागेवर नसते.

मी नोकरीनिमित्त तिथल्या लँकेस्टर काउंटीला (म्हणजे जिल्ह्याला) लागून राहतो. कामावर जाताना कानात तुमची कथा आणि गाडीच्या काचेबाहेर तेच कोठार, असं पुष्कळदा होतं, त्यामुळे दोन्हींतलं अंतर मला जरा जास्तच खुपतं. आमिश लोकांवर भयकथा लिहू नका, असं सांगायला हे पत्र नाही. उलट तक्रार अशी आहे की तिथे भयकथेला पुरून उरेल एवढा ऐवज पडलेला असताना तुम्ही नेमकी रद्दी उचलून आणता.

घंटेपासूनच सुरुवात करू. आमिश लोकांना चर्चची इमारतच नसते. घंटा नाही, मनोरा नाही, भिंतीवर क्रूस नाही, पवित्र पाणी नाही, झगा घातलेला फादर नाही. एक रविवार सोडून एक अशी प्रार्थना भरते ती कुणाच्या तरी घरात, कोठारात किंवा कामाच्या शेडमध्ये. बिनपाठीची बाकं एका बंद घोडागाडीत भरून या घरून त्या घरी फिरत असतात. वीस ते चाळीस कुटुंबांची एक मंडळी. तिचा बिशप म्हणजे दुसऱ्या दिवशी पहाटे उठून गाई पिळणारा नाहीतर कपाटं ठोकणारा माणूस, पगार शून्य. तेव्हा भूत उतरवायला क्रूस उगारणारा पाद्री आणलात, की तुम्ही आमिश वस्ती सोडून एखाद्या जुन्या सिनेमाच्या सेटवर पोचलात.

ते चक्रही त्यांचं नव्हे. कोठारावर ताऱ्याफुलांची गोल नक्षी रंगवायची पद्धत पेन्सिल्वेनियातल्या दुसऱ्या जर्मन शेतकऱ्यांची, लुथरन आणि रिफॉर्म्ड पंथातल्यांची. तंत्रमंत्र हवाच असेल तर त्या मुलखात झाडफूक होती, छापील पोथ्याही होत्या. १८२० सालची एक आजही विकत मिळते. १९२८ साली शेजारच्या यॉर्क काउंटीत करणीच्या संशयावरून एका वैदूचा त्याच्याच घरात खून झाला. मारणाऱ्यांना त्याच्या केसांची बट आणि मंत्रांची पोथी हवी होती. देशभर गाजलेला खटला. त्यात आमिश कुणीच नव्हतं. पण त्या घरात कथा न्यायचं कुणाला सुचत नाही, कारण त्या लोकांची टोपी तुमच्या-माझ्यासारखीच होती.

आता ‘जगापासून तुटलेलं गाव’ या गोष्टीकडे येऊ. लँकेस्टरच्या आमिश भागातून मोठे रस्ते जातात, रस्त्याला लागून मोठाली दुकानं आहेत आणि दरवर्षी लाखो पर्यटक येऊन जॅम, रजया आणि काकवीची ‘पाय’ (pie, एक भाजलेला गोड पदार्थ) घेऊन जातात. वस्तीला कुंपण नाही. आमिश आणि ‘इंग्लिश’ (त्यांच्या बोलीत तुम्ही-आम्ही सगळे इंग्लिश, माझ्यासारखा मालवणीसुद्धा) यांची शेतं एकाच बांधाला टेकलेली. निम्म्याहून जास्त घरं आता शेतीवर चालतच नाहीत. सुतारकाम, शेड बांधणं, दुकानदारी यावर चालतात. गावातल्या स्वयंसेवी अग्निशमन दलात आमिश तरुण असतात. बंब चालवत नाहीत, पण पाइप धरून आगीत शिरतात, आणि दर वसंतात दलासाठी जो मोठा लिलाव भरतो त्यात त्यांच्या बायका रजया शिवून देतात. लोकसंख्या म्हणाल तर अमेरिका-कॅनडा मिळून आज साधारण ४ लाख. शंभर वर्षांपूर्वी जेमतेम काही हजार होती. तेव्हा ‘नामशेष होत चाललेली रहस्यमय जमात’ हे वाक्य तरी निवेदनातून काढून टाका.

आणि घरात मिट्ट काळोख नसतो हो. लँकेस्टरकडच्या घरांत गॅसचा सिलेंडर चाकांच्या कपाटात बसवून वर दिवा लावलेला असतो आणि तो अख्खी संध्याकाळ सूंऽऽ करत असतो, आमच्याकडच्या दशावताराच्या गॅसबत्तीसारखा. मागच्या शेडमध्ये डिझेल इंजिन, त्यावर हवेचा दाब तयार करायचं यंत्र, त्या दाबावर चालणारी कातकामाची आणि शिवणाची यंत्रं. हल्ली बॅटरीचे एलईडीही आलेत. निवेदकाने ‘भयाण शांतता’ म्हटलं की मला हे इंजिन आठवतं. काळोख आणि रॉकेलचा कंदील खरोखर हवा असेल तर कथा न्यू यॉर्क राज्याच्या उत्तरेला किंवा केंटकीत न्या, श्वार्ट्झेनट्रूबर गटाच्या वस्तीत. ते सगळ्यात कडवे. घरात नळ नाही, बग्गीला काच नाही, विजेचा दिवा नाही. पण मग तो गट कोण, तो ओहायोत कशावरून फुटला, हे वाचावं लागेल. म्हणून कुणी तिकडे जात नाही.

मी आरवली-शिरोड्याकडचा. या तक्रारीचं एक मूळ तिथे आहे. शहरातल्या लेखकाला भीती वाटून घ्यायची असली की तो आमच्या गावात येतो. रातांब्याखाली हडळ, तिठ्यावर देवचार, आणि भुतांचा राजा म्हणून वेताळ. आरवलीच्या वेतोबाला आम्ही केळ्यांचे घड आणि ढोपराएवढ्या चपला वाहतो, कारण रात्री तो गावाची राखण करत फिरतो आणि चपला झिजतात. आमच्या आज्या रात्री उशिरा एकट्या घरी येताना त्याचंच नाव घेत. तुमच्या कथेत त्याच्याच नावाने लहान मुलं किंचाळतात. आम्ही हसून सोडून देतो, कारण मराठी आमचीही भाषा आहे, उद्या आम्ही उलट लिहू शकतो. आमिश माणूस आपल्यावर काय लिहिलंय ते वाचणारही नाही, कोर्टात जाणारही नाही. कोर्टकचेरी करायची नाही हा त्यांचा नियम आहे. इतकं बिनधोक लक्ष्य दुसरं सापडणार नाही, आणि मला वाटतं, त्यांच्यावर कथा लिहायला सुचते त्यामागे हेही एक कारण आहे.

यातली सगळ्यात वाईट गोष्ट सहा बोटांची. एका कथेत वस्तीतल्या मुलाला सहा बोटं होती आणि ती सैतानाची खूण होती. आता हे ऐका. १७४४ साली एक जोडपं लँकेस्टरकडे आलं. त्यांच्यापैकी एकाच्या रक्तात एक दोष होता. वस्ती लहान, लग्नं आपापसांत, त्यामुळे तो दोष पिढ्यान्‌पिढ्या फिरत राहिला: बुटकं शरीर, जास्तीची बोटं, आणि पुष्कळदा हृदयाला भोक. १९६४ साली व्हिक्टर मॅक्युसिक या डॉक्टरांनी ही घराणी मागे त्या जोडप्यापर्यंत नेऊन दाखवली. वैद्यकाच्या पुस्तकांत तो अभ्यास आजही शिकवला जातो. यातली बरीच बाळं पाळण्यातच गेली. लँकेस्टर काउंटीत १९८९ पासून अशा मुलांसाठी एक दवाखाना आहे. त्याची पहिली इमारत, स्ट्रासबर्ग गावाजवळची, आमिश आणि मेनोनाइट (आमिशांचा भाऊबंद पंथ) सुतारांनी हातांनी उभी केली. तिथले डॉक्टर जन्मल्याबरोबर रक्त तपासून काही आजार आवरतात, आणि ज्या घरात आधीची दोन मुलं अंथरुणाला खिळली त्या घरातलं तिसरं धावू लागतं. सहा बोटांच्या मुलाला तुमच्या कथेतला नायक कुऱ्हाडीने मारतो आणि मागे तबला वाजतो. असो.

राग इथेच थांबवतो. आता ऐवजाविषयी.

पुष्कळ आमिश घरांत बायबलाच्या शेजारी एक जाडजूड ग्रंथ असतो. १६६० साली डच भाषेत निघालेला, हुतात्म्यांच्या कहाण्यांचा. पुढे १६८५ च्या आवृत्तीत यान लॉयकन या चित्रकाराची शंभरावर चित्रं घातली. मोठेपणी स्वतःच्या इच्छेने घेतलेला बाप्तिस्माच खरा, एवढंच म्हणणं होतं या लोकांचं. १५२५ साली झुरिकमध्ये त्याची सुरुवात झाली आणि दोन वर्षांत त्याच शहराने फेलिक्स मान्झ याला हातपाय बांधून लिमाट नदीत बुडवलं. (त्याच पंथातून १६९३ साली याकोब आमान वेगळा झाला, त्याचे ते आमिश.) या ग्रंथात एक चित्र आहे. १५७३, अँटवर्प. माइकन वेन्स नावाच्या बाईला जाळलं, आणि चितेवरून तिने लोकांना काही सांगू नये म्हणून आधी तिच्या जिभेला स्क्रू मारला. तिचा पंधरा वर्षांचा मुलगा धाकट्या तीन वर्षांच्या भावाला घेऊन बाकावर उभा होता. ती खांबाशी येताच तो बेशुद्ध पडला. शुद्धीवर आला तेव्हा सगळं आटोपलं होतं. चित्रात तो आणि धाकटा राखेत वाकून काहीतरी शोधतायत. तो स्क्रू. सापडला, आणि त्याने तो आईची आठवण म्हणून ठेवून घेतला.

ज्या मुलांच्या घरी कपाटात हे चित्र आहे, त्यांना तुम्ही चेहरा नसलेल्या बाहुलीने घाबरवू बघता? त्यांच्या प्रार्थनेत गायली जाणारी कितीतरी गाणी जर्मनीतल्या पासाउच्या किल्ल्यात कोंडलेल्या कैद्यांनी रचलेली आहेत. चाली इतक्या संथ, की प्रत्येक प्रार्थनेत म्हणावं लागणारं एकच गाणं वीस-वीस मिनिटं चालतं. दीडदोनशे माणसं, वाद्य नाही, सूर एकच. मी बाहेरून, रस्त्यावरून, ते ओझरतं ऐकलंय. ध्वनिमुद्रण करणाऱ्या मंडळींनी घंटेच्या ऐवजी याचा विचार करावा.

आता चिठ्ठीची गोष्ट सांगतो. हिच्यात भूत घालायची गरजच पडणार नाही. मंडळीला नवा धर्मसेवक हवा असतो. एकेक सदस्य, पुरुष आणि बायका, दारापाशी जाऊन हळू आवाजात एक नाव सांगतो. ज्यांची नावं दोन-तीन वेळा आली ते लग्न झालेले पुरुष पुढे येऊन बसतात. टेबलावर गाण्यांची पुस्तकं मांडलेली, सगळी सारखी दिसणारी, दोऱ्याने किंवा रबराने बांधलेली. त्यातल्या एकात एक चिठोरं, त्यावर बायबलातलं वचन. प्रत्येकाने एक पुस्तक उचलायचं. बिशप एकेकाचं उघडत जातो. ज्याच्या पुस्तकात चिठ्ठी, तो त्या क्षणापासून मरेपर्यंत धर्मसेवक. नकार नाही, शिक्षण नाही, पगार नाही, आणि कदाचित पुढे आपल्याच भावाला वाळीत टाकण्याचा निर्णय त्याच तोंडाने जाहीर करायचा. निवड झालेला पुष्कळदा रडतो. त्याची बायकोही रडते. आपलं पुस्तक उघडलं आणि आत काही नव्हतं, अशा माणसाच्या चेहऱ्यावर त्या वेळी काय येत असेल, ते एकदा लिहून बघा.

वाळीत टाकण्याचं म्हणाल, तर तिथे मराठी लेखकाला जगातल्या कुठल्याही लेखकापेक्षा जास्त कळायला हवं. जातपंचायती आणि गावकीच्या बातम्या आपण वाचत मोठे झालो. रायगडात घरंच्या घरं वाळीत पडली: दुकानदार मीठ देत नाही, लग्नाला बोलावणं नाही, मयताला खांदा द्यायला माणूस नाही. २०१६ साली महाराष्ट्राला त्यासाठी वेगळा कायदा करावा लागला, इतकं ते जितं होतं आणि आहे. आमिशांचा बहिष्कार वेगळ्या पद्धतीचा. पाणी तोडत नाहीत, मारत नाहीत, घराबाहेरही काढतीलच असं नाही. पण वाळीत पडलेल्याच्या हातून वस्तू घ्यायची नाही. त्याने ती टेबलावर ठेवायची, मग दुसऱ्याने उचलायची. त्याच्याबरोबर एका टेबलावर जेवायचं नाही. काही घरांत आईबापांना हे सोसवत नाही, तेव्हा दोन टेबलं चार बोटांचं अंतर ठेवून लावतात आणि दोन्हींवर मिळून एकच चादर अंथरतात. वरून बघणाऱ्याला एकच पंगत. ती चादर मधे किंचित खचलेली असते, आणि जेवणाऱ्या प्रत्येकाला ती कुठे खचलीय ते ठाऊक असतं.

याला आणखी एक धार आहे. बाप्तिस्मा न घेता घर सोडलं तर बहिष्कार नाही, येणंजाणं राहतं. बाप्तिस्मा घेतल्यावर सोडलं तर आहे, आणि परत येऊन चूक कबूल केली नाही तर जन्मभर आहे. हा निर्णय मुलं अठरा ते बावीसच्या आसपास घेतात, बहुतेक लग्नाच्या तोंडावर, कारण त्याशिवाय मंडळीत लग्न लागत नाही. तुमच्या कथांत सोळाव्या वर्षी मुलांना शहरात ‘सोडून’ देतात आणि ती दारू-ड्रग्जमध्ये बुडतात. तसं काही नसतं. बहुतेक मुलं आईबापाच्याच घरी राहतात, रविवारी संध्याकाळी एकत्र गाणी म्हणतात, एखादा लपवून फोन ठेवतो. शंभरातली पंच्याऐंशीच्या वर पुढे शपथ घेतात. विसाव्या वर्षी प्रेमात पडून घेतलेली शपथ तिसाव्या वर्षी अंगावर आली तर बाहेर पडायचं दार कुठलं, हा प्रश्न शिंगं असलेल्या कुठल्याही प्राण्याहून भारी आहे.

सत्य घटना हवी असेल तर ओहायोतल्या बर्गहोल्झला चला. सॅम मुलेट नावाच्या माणसाने १९९५ च्या सुमारास तिथे आपली वेगळी वस्ती मांडली, पुढे स्वतः बिशप झाला. आपल्याला सोडून जाणाऱ्यांना त्याने वाळीत टाकलं. बाकीच्या बिशपांनी २००६ साली बैठक घेऊन ते बहिष्कार रद्द ठरवले. हा अपमान तो विसरला नाही. त्याच्या वस्तीत चुकलेल्या पुरुषांनी शिक्षा म्हणून कोंबड्यांच्या खुराड्यात राहायचं, आणि विवाहित बायकांना ‘समुपदेशनासाठी’ त्याच्या घरी यावं लागायचं, अशा साक्षी पुढे कोर्टात झाल्या. २०११ च्या शरद ऋतूत त्याच्या माणसांनी रात्री घरांत शिरून म्हाताऱ्यांना अंथरुणातून ओढलं आणि त्यांच्या दाढ्या कापल्या, बायकांचे केस कापले. कात्र्या घोड्याची आयाळ कापायच्या. लग्नानंतर आमिश पुरुष दाढी काढत नाही. तिच्याविना तो मंडळीत बसू शकत नाही असं त्यालाच वाटतं. पहिल्या हल्ल्यात म्हाताऱ्या जोडप्यावर चालून आलेली माणसं कोण होती? त्यांचीच मुलं. कापलेल्या दाढ्यांचे फोटो काढले होते. फोटो काढणं ज्यांना वर्ज्य, त्यांनी त्यासाठी कॅमेरा आणला. २०१२ साली सोळा जण दोषी ठरले. मुलेटला १५ वर्षांची शिक्षा झाली, अपिलात द्वेषगुन्ह्याचा भाग टिकला नाही तेव्हा ती कमी झाली.

मुलांनी बापाची दाढी का धरली, याचं उत्तर ‘अंगात आलं होतं’ असं दिलंत तर कथा तिथेच मेली. ती मुलं शुद्धीत होती. आपण बापाच्या आत्म्याचं भलं करतोय, असं त्यांना वाटत होतं.

दुसरी घटना मी भीत भीतच लिहितो, कारण ती आमच्या शेजारची आहे आणि ती माणसं अजून इथेच राहतात. २ ऑक्टोबर २००६, सोमवार सकाळ. निकेल माइन्स या गावची एकखोली शाळा. आमिश शेतांवरून दूध गोळा करणारा एक बाहेरचा माणूस बंदूक घेऊन आत आला. मुलगे आणि मोठ्या बायकांना त्याने बाहेर घालवलं, दहा मुलींना ठेवून घेतलं. पाच मुली गेल्या, पाच जबर जखमी झाल्या, त्याने स्वतःलाही मारून घेतलं. त्याच संध्याकाळी आमिश शेजारी त्याच्या बायकोच्या आणि आईवडिलांच्या दारी गेले, आमच्या मनात तुमच्याविषयी काही नाही म्हणून सांगायला. त्याच्या दफनालाही गेले. दहा दिवसांत शाळा पाडून जागेवर गवत पेरलं, सहा महिन्यांत थोड्या अंतरावर नवी शाळा उभी केली.

त्या वस्तीच्या हयातीतली सगळ्यात भयंकर सकाळ टोपीवाल्यांनी आणली नव्हती. ती गाडीतून आली, आणि गाडी चालवणारा ओळखीचा होता. तुमच्या कथेत मात्र नेहमी गाडीतला माणूस निष्पाप असतो आणि घरातला माणूस हैवान. एकदा तरी दाराच्या आतून लिहा ना.

त्या माफीने मी दिपून गेलो होतो, बहुतेक सगळे गेले होते. पण लेखकाने माफीच्या मागची बाजूही बघावी. घरातल्या लैंगिक अत्याचाराच्या काही प्रकरणांत, खटल्यांतून आणि पत्रकारांच्या शोधातून बाहेर आलंय, की पुरुष मंडळीपुढे कबुली देतो, सहा आठवडे वाळीत राहतो, मग त्याला माफ केलं जातं आणि विषय संपतो. त्यानंतर मुलीने तोंड उघडलं तर पाप तिचं, कारण माफ न करणं हे पाप. जे मन मारेकऱ्याच्या दारात जाऊन उभं राहतं तेच मन या मुलीला गप्प बस म्हणतं. ही दोन्ही टोकं ज्याला एका कथेत पेलतील, त्याची कथा मी मुंबईला येऊन, पैसे मोजून विकत घेईन.

बोलिव्हियातलं उदाहरण देतो, म्हणजे माझं म्हणणं नीट पोचेल. ते लोक आमिश नव्हेत, मेनोनाइट. पण मूळ तेच, १५२५ चं. मॅनिटोबा कॉलनी नावाची दूरची वस्ती, खरोखर तुटलेली. २००५ ते २००९ या काळात तिथल्या बायका आणि मुली सकाळी जड डोक्याने उठायच्या, अंगावर रक्त, वळ, रात्रीचं काही आठवत नाही. मंडळींनी काय अर्थ लावला? सैतानाचं काम. कुणी म्हणालं, बायकांच्या मनाचे खेळ. चार वर्षं हे चाललं. शेवटी घरात शिरताना माणसं पकडली गेली. जनावरांच्या भुलीच्या औषधापासून केलेला फवारा खिडकीतून मारून अख्खं घर बेशुद्ध करायचे आणि आत यायचे. शेजारी, नातेवाईक. बळी शंभराहून जास्त. २०११ साली सात जणांना २५ वर्षांची शिक्षा झाली आणि औषध पुरवणाऱ्याला १२ वर्षांची.

तिथे भूत होतं, आणि ते बलात्काऱ्यांच्या बाजूने होतं. ‘सैतान येतो’ ही गोष्ट जितके दिवस चालली तितके दिवस त्यांना दार उघडं मिळालं. तुम्ही बंद वस्तीत राक्षस आणता तेव्हा नकळत हेच करता. वाळीत टाकणारा बिशप, गप्प बसलेली आई, फोटो काढणारा मुलगा, हे सगळे राक्षसाच्या आडोशाने सुटतात आणि वाचक निवांत झोपतो. भुताला माझी हरकत नाही, मी त्याच्यावरच वाढलोय. फक्त ते आल्यावर त्या वस्तीतलं कोण सुखावलं, हे तुमच्या कथेत मला दिसलं पाहिजे.

संपादकांना दोन व्यवहाराच्या विनंत्या. एक, ‘सत्य घटनेवर आधारित’ हे शीर्षकाखाली छापताना कुठल्या, ते एका ओळीत द्या. देता येत नसेल तर ती पट्टी काढा. दोन, चित्रकाराला सांगा की लँकेस्टरची बग्गी राखाडी असते, ओहायोतली काळी, आणि कुठल्याही बग्गीचा घोडा लाल डोळ्यांचा नसतो. बहुतेक वेळा तो शर्यतीतून निवृत्त झालेला बिचारा घोडा असतो.

बग्गीवरून आठवलं. एक कथानक देऊन ठेवतो, हवं त्याने घ्यावं, मानधन नको. श्वार्ट्झेनट्रूबर लोक गाडीमागे हळू वाहनाची खूण असलेला नारिंगी त्रिकोण लावत नाहीत, ते रंगीत चिन्ह त्यांना भडक आणि अधर्माचं वाटतं. २०११ साली केंटकीत त्यातले काही पुरुष दंड भरायला नकार देऊन तुरुंगात गेले. आता समजा अशाच एका घरातली तरुण बाई. नवरा तुरुंगात, रात्र, चढाचा रस्ता, काळी बग्गी, मांडीवर तापाने फणफणलेलं मूल. आसनाखाली तिने एक रिफ्लेक्टर लपवून ठेवलाय, धाकट्या दिराने कुठूनसा आणून दिलेला. मागून गाडीचा आवाज येतोय. तिला तो लावता येईल. लावला तर उद्या सकाळी मंडळीत कुणीतरी सांगेल, कारण पुढच्या वळणावर बिशपचं घर आहे आणि त्याच्या खिडकीत दिवा आहे. गाडीत कोण बसलंय ते तुम्ही ठरवा. पुण्याचं जोडपं चालेल.

कच्चा खर्डा कुणाला दाखवून घ्यायचा असेल तर मी वाचून देईन. पंगतीत कोण कुठे बसतं, कुठल्या गटाला कुठला दिवा चालतो, एवढं तरी सांगू शकतो.

कळावे, लोभ असावा.

आपला,
लँकेस्टरशेजारचा एक मालवणी वाचक